ओरिओल्सचे तरुण खेळाडू अडखळत आहेत : वाट पाहावी की सौदे करावेत?

मेरीलँडकर

नमस्कार मंडळी. बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा २०२५चा हंगाम ७५ विजय आणि ८७ पराभव असा संपला आणि अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात आपला संघ तळाशी राहिला. मे महिन्यात व्यवस्थापक ब्रँडन हाइड यांना काढले, तेव्हाच १५ विजय आणि २८ पराभव अशी अवस्था झाली होती. याच संघाने २०२३ मध्ये १०१ आणि २०२४ मध्ये ९१ सामने जिंकले होते. त्या दोन्ही वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, एकही सामना हाती लागला नाही, तरी मुले अजून कोवळी आहेत, त्यांना वेळ द्यायला हवा, अशी आपण सगळे एकमेकांची समजूत घालत होतो.

ही मुले आपल्याला सहजासहजी मिळालेली नाहीत. २०१८ मध्ये ११५, २०१९ मध्ये १०८ आणि २०२१ मध्ये ११० पराभव सोसले, तेव्हा कुठे ड्राफ्टमधले, म्हणजे हरणाऱ्या संघांना आधी संधी देणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीतले, वरचे क्रमांक पदरात पडले. २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर ॲडली रचमन, २०२० मध्ये दुसऱ्या क्रमांकावर हेस्टन कर्स्टाड, २०२१ मध्ये पाचव्या क्रमांकावर कोल्टन काउझर आणि २०२२ मध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर जॅक्सन हॉलिडे, अशी ही मांदियाळी जमली. २०२५ मध्ये रचमनची सरासरी, म्हणजे दर प्रयत्नामागे हिटचे (चेंडू मारून बेस हा धावण्याचा टप्पा गाठण्याचे) प्रमाण, ०.२२० होती, काउझरची ०.१९६ आणि कर्स्टाडची ०.१९२, कर्स्टाडला तर जूनमध्ये परत नॉरफोकच्या दुय्यम संघात धाडावे लागले. गनर हेंडरसन तेवढा भरवशाचा, पण त्याचेही होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर मारणे) २०२४ मधल्या ३७ वरून १७ वर आले.

माझा प्रश्न सरळ आहे. एखादा होतकरू खेळाडू अडखळतो तेव्हा तो शिकण्याच्या वाटेवर आहे की त्याची धाव येथेच संपते, हे कशावरून ओळखावे? आणि रचमन २०२७च्या हंगामानंतर करारातून मोकळा होणार असताना आपण आणखी किती थांबायचे?

नॉरफोकचा शेजारी

आपण दिलेले आकडे बरोबर आहेत, पण एका ओळीत मांडल्यामुळे ती एकाच दुखण्याची लक्षणे वाटतात, आणि तसे ते नाही. काउझरने हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात पहिल्या बेसकडे हात पुढे करून झेप घेतली आणि अंगठा मोडून घेतला. ज्या हातांनी बॅट आवळायची तेच दुखावले, तर वर्षभराच्या सरासरीवरून त्याची पारख कशी करणार? कर्स्टाडला २०२१चा हंगाम हृदयाच्या स्नायूंच्या दाहामुळे गमवावा लागला आणि जुलै २०२४ मध्ये यँकीजविरुद्धच्या सामन्यात फास्टबॉल त्याच्या डोक्यावर आदळला. रचमनच्या बरगडीजवळचे स्नायू २०२५ मध्ये दोनदा दुखावले, एकदा एका बाजूचे आणि नंतर दुसऱ्या बाजूचे. बॅटरची सगळी ताकद कंबरेच्या वळणातून येते आणि रचमन तर कॅचर आहे, बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा, म्हणजे सामनाभर उकिडवे बसणे त्याला चुकलेले नाही. या तिघांबद्दल मी तरी आत्ता निकाल देणार नाही.

हॉलिडेची गोष्ट निराळी आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच सापडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एप्रिल २०२४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो वर आला आणि पहिल्या दहा सामन्यांत ३४ वेळा बॅटिंग करून फक्त २ हिट मिळवू शकला. १८ वेळा तो स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, झाला. त्याआधी आणि त्यानंतरही मी त्याला नॉरफोकच्या हार्बर पार्कवर होम प्लेटमागच्या, म्हणजे बॅटरच्या पाठीमागच्या, रांगांतून पाहिले आहे. गुडघ्याच्या जेमतेम खालून जाणारा चेंडू तो बॅट खांद्यावरून न हलवता सोडून देत असे आणि ती नजर पाहून थक्क व्हायला होई. मात्र त्या काळात ट्रिपल-ए या नॉरफोकच्या दुय्यम लीगमध्ये काही सामन्यांत स्ट्राइक (स्ट्राइक झोन या ठरावीक पट्ट्यातला चेंडू) आणि बॉल (त्याबाहेरचा) यांचा निर्णय यंत्र देत असे आणि अंपायर कानातल्या यंत्रातून तो ऐकून जाहीर करीत असे. तिथे स्ट्राइक झोन काटेकोर होता. वरच्या लीगमध्ये तेव्हा तोच चेंडू माणसाच्या डोळ्याने जोखला जात असे, आणि एकदा का तो स्ट्राइक ठरला की चेंडू सोडून देण्याच्या कौशल्यावर उभा असलेला बॅटर मागे पडतो. शिवाय मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेगच ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात आहे आणि पिचर तो मुद्दाम छातीच्या उंचीवर टाकतात, कारण तिथे बॅट उशिरा पोहोचते. हॉलिडेची अडचण नेमकी ही होती. ३१ जुलैला तो परत आला आणि त्याच दिवशी टोरोंटोविरुद्ध त्याने ग्रँड स्लॅम (चार धावांचा होम रन) ठोकला, चेंडू थेट मैदानाबाहेरच्या युटॉ स्ट्रीटवर. पुढच्या वर्षी १७ होम रन त्याच्या नावावर लागले. सरासरी अजून बेताची आहे हे खरे, पण २०२५चा पूर्ण हंगाम तो एकवीस वर्षांचा होता.

म्हणून सरासरी मी सर्वांत शेवटी पाहतो. झोनबाहेरच्या चेंडूंच्या मागे तो किती धावतो, हे आधी पाहावे. त्यानंतर वरच्या फास्टबॉलला त्याची बॅट निदान लागते का, आणि लागली तर चेंडू किती जोरात सुटतो. या तीन गोष्टी महिन्यागणिक सुधारत असतील तर हिट आज ना उद्या पडतातच. बाल्टिमोरमध्ये हे पूर्वीही घडलेले आहे. कॅल रिपकेन ज्युनियर १९८१ मध्ये पहिल्यांदा खेळले तेव्हा ३९ प्रयत्नांत ५ हिट घेऊ शकले होते आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन लीगचे सर्वोत्तम नवोदित ठरले.

तिसरा बेस

रिपकेन यांचे उदाहरण दर वेळी दिले जाते आणि दर वेळी माझे मन अस्वस्थ होते, कारण जे पुढे थोर झाले त्यांचीच सुरुवात आपण लक्षात ठेवतो. सुरुवातीला अडखळून कायमचे मागे पडलेल्यांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत. आपल्याच संघातला मॅट वीटर्स आठवा. २००७ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला हा कॅचर एक युग घडवील असे सगळे म्हणत होते. तो चांगला खेळला, चार वेळा ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंपैकी एक, असाही झाला, पण ज्या उंचीची स्वप्ने आपण रंगवली होती तिथे तो पोहोचला नाही. त्यात त्याचा दोष काहीच नव्हता, अपेक्षा आपल्या होत्या.

माझे म्हणणे असे आहे की होतकरू खेळाडूचे मोल त्याच्याबद्दलच्या आशेत असते आणि ही आशा फार लवकर विटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघबांधणी पाहणाऱ्या माइक इलायस यांनी जोई ऑर्टिझ आणि डी. एल. हॉल यांना मिलवॉकीला देऊन कॉर्बिन बर्न्ससारखा पिचर आणला. बर्न्स एकच वर्ष राहिला आणि ॲरिझोनाला गेला, तरी तो सौदा योग्यच होता असे मी आजही म्हणेन. त्याची जागा भरताना मात्र संघाने चार्ली मॉर्टन आणि काइल गिब्सन यांच्यासारख्या उतारवयातल्या पिचरांवर भिस्त ठेवली. पहिला विजय मिळण्याआधीच मॉर्टनच्या नावावर सात पराभव जमा झाले. पाच-सहा रन आधीच अंगावर पडलेले असताना तरुण बॅटरने संयम राखावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. कोबी मेयोसारख्या एखाद्या होतकरू बॅटरला मोसमाआधीच देऊन दमदार पिचर आणला असता, तर उरलेल्या मुलांवरचा भारही हलका झाला असता.

कोलंबियाचे काका

सौद्यांबद्दल इतक्या खात्रीने बोलावे असे मला वाटत नाही. जुलै २०२४ मध्ये आपण काइल स्टॉवर्स आणि कॉनर नॉर्बी यांना मायामीला देऊन ट्रेव्हर रॉजर्सला घेतले. रॉजर्स इतका वाईट खेळला की काही आठवड्यांत त्याला नॉरफोकला पाठवावे लागले आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो सौदा म्हणजे निव्वळ नुकसान ठरवून टाकला. २०२५ मध्ये स्टॉवर्स ऑल-स्टार झाला, तेव्हा तर इलायस यांच्यावर टीकेची झोड उठली. पण त्याच उन्हाळ्यात दुखण्यातून उठलेला रॉजर्स १८ सामन्यांत १.८१ इतक्या अप्रतिम ईआरएने (नऊ डावांमागे पिचरने दिलेल्या सरासरी धावा) खेळून गेला. स्टॉवर्स आपल्याकडे असताना त्याला सलग महिनाभर रोज खेळायला मिळाले का, हे मात्र कोणी विचारत नाही, आणि मला मूळ दुखणे तिथेच दिसते.

आपल्याला ओळखीचे असे एक उदाहरण देतो. सचिन तेंडुलकरला एकदिवसीय सामन्यांत पहिले शतक करायला ७९ सामने लागले. ते शतक सप्टेंबर १९९४ मध्ये कोलंबोला झाले, पण वळण आले ते मार्चमध्ये ऑकलंडला, जेव्हा त्याला सलामीला पाठवले आणि त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. खेळाडू तोच होता, त्याची जागा बदलली होती. कोबी मेयोला २०२४ मध्ये पहिली संधी मिळाली तेव्हा तो ४१ प्रयत्नांत ४ हिट करू शकला. कधी तिसरा बेस, कधी पहिला, कधी बाकावर, अशी त्याची ओढाताण होती. २०२५च्या जुलैअखेरीस रायन ओहर्नला सान डिएगोला दिले, पहिल्या बेसवरची जागा मोकळी झाली आणि रोज खेळायला लागल्यावर शेवटच्या महिन्यात तोच मेयो आत्मविश्वासाने बॅट फिरवताना दिसला. त्याला मोसमाआधीच विकून टाकले असते तर हे आपण मायामीच्या नाहीतर आणखी कुठल्या गणवेशात पाहत बसलो असतो.

मेरीलँडकर

सर्वांचे मनापासून आभार. दुखापती आणि कौशल्य यांची गल्लत होऊ नये, हा नॉरफोककरांचा मुद्दा मला पटला. पण कोलंबियाच्या काकांनी जागेचा विषय काढलाच आहे, तर खरी अडचण पुढे आहे असे वाटते. ऑगस्टमध्ये सॅम्युएल बसायो वर आला आणि आठवड्याभरातच संघाने त्याच्याशी ८ वर्षांचा, ६ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. तोही कॅचरच आहे. रोज खेळवायचे तर रचमन, बसायो आणि मेयो या तिघांना कॅचर, पहिला बेस आणि फक्त बॅटिंग करणारा, या तीन जागांत बसवावे लागेल आणि त्याच जागांवर हक्क सांगणारे आणखीही आहेत. अशा वेळी करारातून सर्वांत आधी मोकळा होणाऱ्या रचमनलाच द्यावे, असे म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावे?

नॉरफोकचा शेजारी

उत्तर असे की दोन्ही बरगड्या धरून बसलेल्या खेळाडूला बाजारात नेले तर भाव पडूनच मिळतो. रचमन २०२२ मध्ये वर आला तेव्हापासून पिचर सांभाळण्याचे काम तो ज्या तऱ्हेने करतो, ते सरासरीत कुठेच उमटत नाही, आणि बसायोची बॅट कितीही जबरदस्त असली तरी कॅचर म्हणून त्याला अजून पुष्कळ शिकायचे आहे. ते शिक्षण रचमनच्या शेजारी बसूनच उत्तम होईल. आठवड्यातले चार दिवस रचमनने प्लेटमागे उभे राहावे, दोन दिवस बसायोने, आणि उरलेल्या वेळी दोघांपैकी एकाने फक्त बॅटिंग करावी. मेयोचा पहिला बेस मात्र कोणी हलवू नये. सौदा करायचाच असेल तर पुढच्या जुलैमध्ये, रचमनच्या अंगात पुन्हा ताकद आली आहे की नाही हे मैदानावर दिसल्यानंतर करता येईल, आणि तेव्हा त्याच्या कराराचे सव्वा वर्षाहून अधिक उरलेले असेल.

तिसरा बेस

जुलैपर्यंत थांबायला मी तयार आहे, पण एका अटीवर : तोपर्यंत पहिल्या दर्जाचा एक तरी पिचर पैसे मोजून आणला पाहिजे. बर्न्स गेल्यानंतरचा हिवाळा आपण जसा घालवला, तसाच हाही घालवला तर मे महिन्यात पुन्हा याच मुलांच्या सरासऱ्या मोजत बसावे लागेल.