सॅटर्नाइन: स्वभाव की शिसे?

प्रश्न (कोल्हापूर): उद्यमनगरातील आमच्या फाउंड्रीत एका जुन्या इंग्रजी पुस्तकात शिशाच्या विषबाधेला 'सॅटर्नाइन' हे विशेषण लावलेले आढळले, शब्दकोशात मात्र 'उदास, अबोल' असा अर्थ आहे. मेळ कसा घालावा?

उत्तर १: मूळ शब्द सॅटर्न, म्हणजे शनी. युरोपीय ज्योतिषात शनी थंड आणि मंद मानला जाई, म्हणून त्याच्या अमलाखाली जन्मलेला माणूस खिन्न समजला गेला. किमयागारांनी तोच ग्रह शिशाशी जोडल्याने दुसरा अर्थ आला. आपल्याकडे शनीचा धातू लोखंड आहे, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

उत्तर २: 'शनैश्चर' म्हणजेही हळू चालणारा. सूर्याभोवतीच्या एका फेरीस त्याला सुमारे २९.५ वर्षे लागतात.

प्रश्नकर्ता: शिशामुळे होणाऱ्या सांधेदुखीला 'सॅटर्नाइन गाऊट' का म्हणतात, हे आता उलगडले. मनःपूर्वक आभार.