मदत हवी आहे: 'जॉली बोट' खरंच आपल्या गलबतावरून आली का?

नमस्कार मंडळी,

एका जुन्या इंग्रजी दर्यावर्दी गोष्टीचं मराठी करतेय आणि चार दिवस एकाच शब्दावर अडकलेय, जॉली बोट. म्हणजे जहाजाच्या मागच्या अंगाला टांगलेली छोटी होडी, चार-सहा जणांनी वल्हवत किनाऱ्यावर जायचं, पाणी-भाजी आणायची, असली कामं. मौजमजेच्या जॉलीशी संबंध नाही, एवढं कळलं.

हॉब्सन-जॉब्सन म्हणजे इंग्रजीत गेलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा यूल आणि बर्नेलचा १८८६ चा कोश उघडला, तर त्यांच्या मते जॉली बोट आली गॅलिव्हॅटवरून, आणि गॅलिव्हॅट म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातलं आपलं गलबत! इतका आनंद झाला की मसुद्यात सगळीकडे 'गलबत' टाकून मोकळी झाले.

मग रत्नागिरीच्या मामेभावाने वाचलं, म्हणे ताई, जहाजाला गलबत टांगलंस तर जहाजच बुडेल की गं. खरंय त्याचं. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म, त्याने आंग्र्यांच्या गलबतांचं वर्णन केलंय, दोन डोलकाठ्या, चाळीस-पन्नास वल्ही, मोठ्यात मोठं ७० टनांपर्यंत. ही काय टांगायची वस्तू आहे?

त्यात आणखी एक घोळ. इंग्रजीत 'जॉलीवॅट' असा जहाजावरच्या छोट्या होडीचा शब्द पंधराव्या शतकाच्या शेवटाकडेच सापडतो म्हणे. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ ला, आणि इंग्रज तर त्यानंतर शंभरेक वर्षांनी आले, मग आपलं गलबत तिकडे गेलं कधी आणि कसं? दुसरं मत डच 'योल' किंवा डॅनिश 'योले'चं, त्यांचा अर्थही छोटी होडीच. मला तेच जास्त पटतंय, नाइलाजाने.

आणि गलबत तरी आपलं का? हॉब्सन-जॉब्सनवाले त्याचं मूळ पोर्तुगीज 'गालिओता'त, म्हणजे वल्ह्यांच्या छोट्या लढाऊ जहाजाच्या नावात, शोधतात. शिवाजी महाराजांवरच्या सभासद बखरीत गुराबांबरोबर (गलबताहून मोठी लढाऊ जहाजं) गलबतं आहेत, पण तोवर पोर्तुगीज इथे येऊन दीडशेच्या वर वर्षं झालेली, त्यामुळे त्याने काही सिद्ध होत नाही. पोर्तुगीज यायच्या आधीच्या कुठल्या मराठी कागदात हा शब्द कुणी पाहिलाय का?

दुसरं, जास्त घाईचं: मोठ्या नावेला बांधून नेतात त्या छोट्या होडीला तुमच्या बंदरात काय म्हणतात? मालवण, हर्णै, अलिबाग, कुठलंही चालेल. भाऊ 'डिंगी' म्हणतो, पण तो शब्द मला त्या गोष्टीत फार आजचा वाटतो.