प्रतिसाद: एक किलोची ‘सूट’ नाही

वर एकांनी लिहिलंय की १ किलोच्या आतला गांजा ‘चालतो’. नाही हो, चालत नाही. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात तेवढ्यालाही १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. खरी रेघ २० किलोंची. ती ओलांडली की कलम ३७ लागतं आणि जामीन महाकठीण.

म्हणून खेड काय नि रत्नागिरी काय, वकील आधी पंचनाम्यातलं वजन बघतो. व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. आपल्याकडच्या पावसात देठामुळांसकट ओलं झाड तोललं तर आकडा कुठे जाईल, सांगायला नको.

नवीन म्हणाल तर डिसेंबर २०२२च्या नियमांनी नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर काढणं पक्कं केलं. शिवाय १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. उलटतपासणीला आयताच प्रश्न: व्हिडिओ कुठाय?

आणि २०२३ला दापोलीच्या किनाऱ्यावर वाहून आलेली चरसची पाकिटं आठवतात ना? तसलं काही दिसलं तर घरी नेऊ नका, पोलिसांना कळवा. चरसला २० किलोंची नव्हे, १ किलोचीच रेघ आहे.