मदत हवी आहे: हरिकेनचे वैमानिक पुज्जी (1/32) – चेहऱ्याचा रंग, पगडी आणि पिवळं मे वेस्ट

नमस्कार मंडळी,

स्क्वॉड्रन लीडर महिंदरसिंग पुज्जी यांची 1/32 मापातली, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढी, उभी आकृती करायला घेतली आहे. ज्यांना हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी सांगते: 1940 मध्ये भारतातून 24 वैमानिक ब्रिटनला गेले, त्यांतले हे एक. 1941 मध्ये रॉयल एअर फोर्सच्या 43 आणि 258 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधून त्यांनी हरिकेन हे लढाऊ विमान उडवलं, पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या कामगिरीसाठी डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं. ते पगडी बांधूनच उड्डाण करत आणि हेडफोन पगडीवरून लावत. मला त्यांची तीच ओळख उभी करायची आहे. नुसता ‘रॉयल एअर फोर्सचा एक वैमानिक’ नकोय.

तयार आकृती रेझिनची आहे, कातडी हेल्मेट घातलेली. हेल्मेटचा भाग तासून काढला आणि इपॉक्सी पुटीने पगडी घडवली. दाढीही पुटीचीच, आखूड आणि नीट बसवलेली. गणवेशाला करडा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारून निळा-करडा रंग दिला आहे आणि तो भाग मनासारखा झालाय. अडलंय ते पुढे.

सगळ्यात आधी चेहरा. या मापात चेहरा जेमतेम सात मिलिमीटरचा, आणि रंगांच्या संचातला ‘त्वचा’ नावाचा रंग गुलाबी. त्यात तपकिरी मिसळून पाहिलं तर उन्हात रापलेला इंग्रज दिसतो, पंजाबी माणूस नाही. म्हणून सध्या बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) यांचा पाया धरलाय, सावलीला लालसर गडद तपकिरी. खरी अडचण उजेडाच्या जागांची आहे. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, कपाळाची कड इथे पांढरा मिसळला की राखेसारखी पांढुरकी झाक येते आणि सावळेपणाची सगळी ऊब जाते. ऑकर आणि थोडा नारिंगी वापरला तर ऊब टिकते, पण हाताच्या अंतरावरून उठाव दिसत नाही. सावळी कांती रंगवणारे तुम्ही उजेडासाठी नेमकं काय मिसळता? आणि अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर एकावर एक द्यावेत, की पायावर तैलरंग घेऊन कडा मिसळाव्यात? दाढी निव्वळ काळी न करता गडद तपकिरी धरून चालले आहे, काळ्यात चेहऱ्याचा खालचा भाग भोक पडल्यासारखा दिसतो.

दुसरं, पगडीचा रंग. माझ्याजवळचे सगळे फोटो कृष्णधवल आहेत. त्या काळच्या फोटोवरून रंग ठरवणं किती फसवं असतं हे तुम्ही जाणताच: ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे लाल वस्तू काळी उमटते, पिवळी गडद आणि निळी फिकट. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हेच चित्र बदलतं. फोटो कोणत्या फिल्मवर काढलाय हे कळायला मी गणवेशाची निळी-करडी छटा आणि चेहरा यांची तुलना करते. ओठ काळपट आणि गणवेश फिकट दिसला तर संशय ऑर्थोचा. ही रीत भरवशाची वाटते का? याहून चांगली खूण कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा. तूर्तास पगडी गणवेशाच्याच छटेची, किंचित उजळ करायचा विचार आहे. माणसाचं नाव घेऊन आकृती करायची तर त्याच्या डोक्यावरचा रंग अंदाजाने ठरवणं मला पटत नाही, म्हणून रंगीत किंवा लेखी पुरावा कुणाच्या पाहण्यात आला असेल तर फार उपयोग होईल.

तिसरं, मे वेस्ट, म्हणजे वैमानिकांचं पाण्यात तरंगवणारं जॅकेट. 1932 च्या नमुन्याचं हे जॅकेट मुळात खाकी-हिरवट कापडाचं. समुद्रात पडलेला माणूस वरून दिसावा म्हणून बऱ्याच वैमानिकांनी ते पिवळ्या रंगाने रंगवून घेतलं. 1941 च्या नमुन्याचं मात्र मूळचंच पिवळं. मी जुना नमुना घेतलाय, कारण त्या वर्षी दोन्ही वापरात होते. मला दाखवायचंय ते कापडावर चढवलेलं पिवळं: घडीवर तडकलेलं, पट्ट्यांखाली घासून खालची खाकी उघडी पडलेली. पिवळा रंग खालचा करडा झाकत नाही म्हणून खाली फिकट ऑकर दिला, तो उपाय चालला. सावलीला काळा टाळलाय, पिवळ्यात काळा गेला की शेवाळी हिरवा होतो. प्रश्न घासलेल्या कडांचा आहे. स्पंजच्या तुकड्याने खाकी टिपके दिले तर ते पत्र्यावरचा रंग उडाल्यासारखे दिसतात, कापडावरचे नाही. आधी पूर्ण खाकी रंगवून, वर मिठाचे कण किंवा हेअरस्प्रे, मग पिवळा आणि ओल्या ब्रशने घासणं, ही विमानांवरची युक्ती इतक्या लहान कापडी पृष्ठभागावर कुणी केली आहे का? पट्ट्यांचं नाजूक काम त्यात उखडेल अशी धास्ती वाटते.

बुटांबद्दल चिंता नाही. कातड्याला सॅटिन वार्निश, आतल्या लोकरीला मॅट, एवढ्याने फरक उठून दिसतो.

पगडीला अजून प्रायमर मारलेला नाही. हेडफोनच्या पट्टीखाली घड्या दबलेल्या दाखवल्या आहेत आणि कानाजवळ कापड किंचित वर आलंय. पगडी बांधणाऱ्या कुणी ही बांधणी पाहून घड्यांची दिशा बरोबर आहे का ते सांगितलं, तर पुटी तासून पुन्हा घडवायची माझी तयारी आहे. उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंचे फोटो खाली जोडले आहेत.