मित्राचा एचआयव्ही पॉझिटिव्ह आलाय पण गोळ्या सुरू करायला तयार नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जवळच्या मित्राचं आहे म्हणून जास्त तपशील देत नाही. ऑपरेशनआधी रक्त तपासलं त्यात एचआयव्ही निघाला, वेगळ्या किटवर परत करून पक्कं झालं. सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ६२० आहे. डॉक्टर म्हणतात लगेच गोळ्या सुरू करा, पण ह्याचं एकच पालुपद, मला ताप नाही, वजन उतरलं नाही, जन्मभराचं लचांड आत्तापासून कशाला मागे लावून घेऊ, सीडी४ साडेतीनशेच्या खाली गेल्यावर बघू. त्यात बायकोची टेस्ट निगेटिव्ह आली त्यामुळे स्वारी अजूनच निवांत. मला हे पटत नाहीये पण समजवायला माहिती कमी पडते. जाणकारांनी सांगा. आणि कुठून लागला वगैरे चर्चा प्लीज नको.

प्रतिसाद १:
साडेतीनशेचं कधीच मागे पडलं हो. स्टार्ट नावाचा अभ्यास झाला होता, त्यात ५०० च्या वर सीडी४ असलेलेच लोक घेतलेले, म्हणजे तुमच्या मित्रासारखेच. अर्ध्यांना लगेच एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, बाकीचे ३५० पर्यंत थांबले, तर लगेच घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी. त्यानंतर २०१५ लाच जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकलं, सीडी४ कितीही असो, औषध द्या. त्रास होत नाही हे खरंच असेल, वर्षानुवर्षं होत नाही, आणि मग एकदम टीबीच उभा राहतो.

पण मला बायकोची जास्त काळजी वाटते. नुसती अँटिबॉडी बघणारी रॅपिड टेस्ट असेल तर लागण पकडायला ९० दिवस लागू शकतात, लॅबमधली अँटिजेन-अँटिबॉडी असेल तरी ४५. मधल्या काळात कंडोमशिवाय संबंध आला असेल तर आत्ताच्या निगेटिव्हवर विसंबू नका, परत करा. आणि गेल्या ७२ तासांत आला असेल तर आजच डॉक्टर गाठा, तिला लागण होऊ नये म्हणून पेप नावाचा २८ दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स असतो, जितका लवकर तितका बरा.

धागाकर्ता:
७२ तासांचं माहीतच नव्हतं, आत्ताच फोन लावतो त्याला. रोज किती गोळ्या असतात पण? तो मूठभर समजून बसलाय.

प्रतिसाद १:
बहुतेकांना दिवसाला एकच, डोल्युटेग्राविरवाली. त्याला हेही सांगा की नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) सहा महिने अनडिटेक्टेबल, म्हणजे टेस्टमध्ये न दिसण्याइतका कमी, राहिला की संबंधातून बायकोला लागण होत नाही. तोवर कंडोम.