महिला आयोग म्हणजे शेतातलं बुजगावणं?

घोडबंदरवाली

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी परवा लाटता लाटता विचारलं, "ताई, ते टीव्हीवर महिला आयोगवाले दिसतात ना, ते आपल्यासारख्यांचा फोन उचलतात का?" तव्यावरची पोळी करपायला लागली तरी त्यांचं लक्ष नाही. मुलगी ठाण्याजवळच्या दिवा गावात दिलीय. दोन वर्षं झाली लग्नाला. जावई मारतो.

मी "उचलतात की" म्हणून मोकळी झाले आणि दिवसभर तेच टोचत राहिलं. खरंच उचलतात का, मला कुठे माहीत होतं? म्हणून जरा वाचलं, आणि आता इथे भांडायला आलेय.

माझं म्हणणं: राज्य महिला आयोग बंद करावा. त्याचा पैसा घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांना द्यावा. संरक्षण अधिकारी निदान घरी जाऊन अहवाल करतो, कोर्टापुढे ठेवतो.

का म्हणाल तर, आधी खुर्चीवर कोण बसतं ते बघा. विजया रहाटकर आयोगाच्या अध्यक्ष होत्या तेव्हा भाजप महिला मोर्चाच्या राष्ट्रीय अध्यक्षही होत्या. रूपाली चाकणकर आयोगावर असतानाच २०२३ मध्ये अजित पवार गटाच्या महिला प्रदेशाध्यक्ष झाल्या. झेंडा बदलला, पद्धत तीच. सकाळी पक्षाच्या व्यासपीठावर विरोधकांना झोडायचं आणि दुपारी निःपक्षपाती होऊन सुनावणी घ्यायची, हे कुणाला जमेल? मला तर सासू आणि नणंद या दोन भूमिकासुद्धा एका दिवशी जमत नाहीत.

दुसरं, खुर्ची रिकामी असते तेव्हा काय होतं? रहाटकरांनी फेब्रुवारी २०२० मध्ये राजीनामा दिला. पुढची नेमणूक झाली ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधे काय होतं आठवतंय ना? टाळेबंदी. बायका मारकुट्या नवऱ्यासोबत दहा बाय दहाच्या खोलीत कोंडलेल्या, आणि आयोगाला अध्यक्ष नाही. कुणाला घाईही नव्हती.

आणि मे २०२५. मुळशी तालुक्यातल्या एका सुनेचा मृत्यू. सासरा सत्तेतल्या पक्षाचा स्थानिक पदाधिकारी. त्याच घरातल्या थोरल्या सुनेने आदल्या नोव्हेंबरमध्ये आयोगाकडे तक्रार केली होती. आयोगाचं म्हणणं, आम्ही पोलिसांना कळवलं होतं. कळवलं असेलच. पण मग पोस्टाचं काम करायला आयोग कशाला, पोस्ट आहे की.

माझी आजी सांगायची, बुजगावणं पहिले चार दिवस पाखरांना घाबरवतं. पाचव्या दिवशी कावळा त्याच्याच डोक्यावर बसतो. तर आयोगाचा पाचवा दिवस कधीच उजाडलाय. चुकत असेन तर सांगा.

खारीगावचा_बाळू

आयोग बंद केला तर रात्री नऊला चॅनलवाल्यांनी कुणाला बोलवायचं? त्यांच्या पोटाचा विचार करा.

कोपरीची_काकू

घोडबंदरवाली, तुमचा राग कळतो, पण तुम्ही वाचून आलात आणि मी जाऊन आलेय.

आमच्या चाळीत एक भाडेकरू बाई होती. नवरा रात्री मारायचा, सकाळी तिच्याच हातचा चहा पिऊन कामाला जायचा. तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. कुठलं ते सांगत नाही. तिथे एनसी घेतली, म्हणजे अदखलपात्र. हातात कागद टेकवला आणि "घरगुती आहे बाई, समजुतीनं घ्या". तिचा कान सुजला होता, ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, साहेब, तिला तुमची समजूतसुद्धा ऐकू जात नाहीये. दुसऱ्यांदा गेलो तर अडीच तास बाकड्यावर.

मग आयोगाला अर्ज केला. दोन पानं, हाताने लिहिलेली. पाकिटावर पत्ता घातला: गृहनिर्माण भवन, पोटमाळा, वांद्रे पूर्व. त्या परिस्थितीतही आम्हा दोघींना हसू आलं. बायकांसाठी सरकारनेही पोटमाळाच काढला!

तीन आठवड्यांनी त्याच ठाण्यातून फोन. "मॅडम, जबाब घ्यायचाय, या." गेलो तर खुर्ची दिली. चहा विचारला. टेबलावर आयोगाचं पत्र होतं, मी उलटं वाचलं. 'नियमानुसार कार्यवाही करून अहवाल सादर करावा.' एवढीच ओळ. त्या एका ओळीने गुन्हा दाखल झाला.

तेव्हा बुजगावणं म्हणा हवं तर. पाखरं उडाली ना? ज्या बाईकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत आणि नगरसेवकाची ओळख नाही, तिच्याकडे असा दुसरा कुठला कागद आहे सांगा.

घोडबंदरवाली

काकू, पण ही तर माझीच बाजू झाली. जे काम पोलिसांनी पहिल्या दिवशी करायचं ते करून घ्यायला वांद्र्याहून पत्र यावं लागतं. एका सरकारी खात्याने दुसऱ्या सरकारी खात्याला 'नियमाने वागा' असं लिहायचं, यालाच आपण न्याय म्हणतोय.

कोपरीची_काकू

न्याय नाही म्हणत. खुर्ची मिळाली म्हणतेय. अडीच तास बाकड्यावर बसून बघा, मग खुर्चीची किंमत कळेल.

सीवूड्स_सकाळ

दोघींचं ऐकून वाटतं, खरा दोष अर्धवटपणाचा आहे. आयोगाला दात द्या. दंड करू दे, अटकेचा आदेश देऊ दे. मग बघा कोण पत्राला केराची टोपली दाखवतं.

कोर्टनाका_वकील

दात द्या म्हणणाऱ्यांनी जरा थांबा.

आयोगाला आज काय करता येतं? दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत: समन्स काढणं, कागदपत्रं मागवणं, शपथेवर साक्ष घेणं, प्रतिज्ञापत्र स्वीकारणं. म्हणजे चौकशी करता येते. निवाडा करता येत नाही. चौकशीअंती निघते ती शिफारस.

२०१० मध्ये ओडिशाचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. नवरा-बायकोच्या वादात तिथल्या राज्य महिला आयोगाने होणाऱ्या मुलाची डीएनए चाचणी करा आणि बायकोला पोटगी द्या असे आदेश दिले होते. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की आयोग हे न्यायाधिकरण नाही, पक्षकारांचे हक्क ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. बाईच्या बाजूने वाटणारा आदेश होता, म्हणून खटकला नसता कुणाला. पण उद्या हाच आयोग सत्तेतल्या माणसाच्या सुनेला 'चाचणी कर' म्हणाला तर? दात द्यायला हरकत नाही हो, पण ते कुणाच्या तोंडात बसणार ते आधी बघा. अध्यक्षांच्या दुहेरी पदांबद्दल धाग्यात वर लिहिलंच आहे.

मारहाणीचा खरा उपाय २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात आहे. दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज, तीन दिवसांत पहिली तारीख, साठ दिवसांत निकाल काढण्याचा प्रयत्न. (कोर्ट नाक्यावर उभा राहून हे लिहिताना माझं मलाच हसू येतं. पण संरक्षणाचा अंतरिम आदेश लवकर मिळतो, हे अनुभवाने सांगतो.)

ऐरोली_आयटी

कोणी तरी विचारायलाच हवं, पुरुषांनी कुठे जायचं? माझ्या चुलतभावावर पूर्वीच्या ४९८अ ची, म्हणजे बायकोच्या छळाची केस झाली, आता कलम ८५ म्हणतात त्याला. समुपदेशनाला बोलावलं, पाऊण तासात त्याला तीन वाक्यंसुद्धा पुरी करू दिली नाहीत. कुठे ते लिहीत नाही. पुरुष आयोगाची मागणी घेऊन २०२३ मध्ये लोक सर्वोच्च न्यायालयात गेले तर याचिका ऐकलीसुद्धा नाही.

कोपरीची_काकू

बाळा, भावाचं वाईट वाटलं, खरंच. ज्याचं ऐकायचं त्याला बोलू दिलंच पाहिजे. पण तू वरचा सगळा धागा वाचलास ना? ज्या आयोगाचा बायकांनाच धड उपयोग होतो की नाही यावर आम्ही भांडतोय, तसलाच आणखी एक तुला हवाय?

ऐरोली_आयटी

हा मुद्दा बरोबर लागला.

कोर्टनाका_वकील

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, म्हणजे ४९८अ मध्येही, सरसकट अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय. भावाच्या वकिलाला विचारा.

घणसोली_गावठाण

तुम्ही सगळे मारहाणीवरच अडकलात. आमच्या गावातली गोष्ट वेगळी.

नवी मुंबई वसवताना सिडको या सरकारी महामंडळाने जमिनी घेतल्या, बदल्यात घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आले. प्लॉट आले की आधी बहिणींना जेवायला बोलावतात. जेवण झालं की ताट उचलायच्या आधी स्टॅम्प पेपर येतो. हक्कसोड पत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद. २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. माझी आई म्हणाली, "बाय, सही कर न् मोकली हो, नायतं माहेर तुटंल." मी सही केली. त्या प्लॉटवर आता सात मजले आहेत आणि मी रक्षाबंधनाला लिफ्टने जाते.

मला कुणी मारलं नाही. मी कुठल्या आयोगाकडे जायचं होतं? आणि गेले असते तर वकीलसाहेब म्हणतात तसं त्यांनी हक्क ठरवता येत नाहीत म्हणून परत पाठवलं असतं, बरोबरच आहे. पण आयोगाचं दुसरं काम आहे ना, कायदे तपासायचे, कुठे भोकं आहेत ते सरकारला सांगायचं? हक्कसोड नोंदवताना बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारा, पंधरा दिवसांची मुदत द्या, असलं काही सुचवायला खुर्चीवर बसून फक्त विचार करावा लागतो. त्यासाठी दातही लागत नाहीत न् टीव्हीही.

घोडबंदरवाली

घणसोली, तुमचं ते लिफ्टचं वाक्य डोक्यातून जाईना. हा मुद्दा माझ्या यादीत नव्हताच.

निवृत्त_बाई_पाचपाखाडी

मी सत्तरी ओलांडली आहे, म्हणून थोडं मागचं सांगते. आयोग आकाशातून पडलेला नाही. १९७२ मध्ये आपल्याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. त्यानंतर मुंबईत बायका रस्त्यावर आल्या, त्यात मीही होते, शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून. पोलीस आणि सरकार यांच्या बाहेरचं, त्यांना जाब विचारणारं कुणी तरी हवं, ही मागणी त्या काळातली. म्हणून 'बंद करा' वाचलं की पोटात तुटतं.

पण राग मलाही आहे, जास्तच आहे. २०१४ मध्ये याच राज्य आयोगाच्या एका सदस्य बाईंनी बलात्कारासाठी मुलींच्या कपड्यांना आणि वागण्याला बोल लावला, नंतर माफी मागितली. जानेवारी २०२३ मध्ये भाजपच्या चित्रा वाघ उर्फी जावेदच्या कपड्यांवर घसरल्या, आयोग गप्प का म्हणून आयोगालाही सुनावलं, तर आयोगाने त्यांनाच नोटीस धाडली. राज्यातल्या बायका बघत होत्या आणि दोन पुढारी बायका तिसरीच्या कपड्यांवरून भांडत होत्या. केरळमध्ये जून २०२१ मध्ये तिथल्या अध्यक्ष बाई टीव्हीच्या कार्यक्रमात फोनवर आलेल्या पीडितेला 'मग भोगा' अशा अर्थाचं बोलल्या. ओरड झाली आणि त्यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्याच पक्षाचं सरकार होतं तिथे, तरी.

मला बंदही नको आणि दातही नकोत. नेमणूक झाली की पक्षाचं पद सोडायचं, एवढी एक अट घाला. खुर्ची रिकामी झाली तर तीन महिन्यांत भरायची, ही दुसरी.

खारीगावचा_बाळू

बाई, पक्षाचं पद सोडायचं म्हटलं तर अर्जच यायचे नाहीत.

निवृत्त_बाई_पाचपाखाडी

मग जे येतील तेच कामाचे.

सीवूड्स_सकाळ

माझी दातांची मागणी मागे घेतो. पण 'बंद करा'लाही माझा विरोध नोंदवून ठेवा.

घोडबंदरवाली

नोंदवला. मी पूर्ण माघार घेत नाहीये. काकूंच्या भाडेकरणीला खुर्ची मिळाली, पण ज्यांना काकूच नाहीत त्यांचं काय, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि मुळशीच्या थोरल्या सुनेनेही तक्रार केलीच होती, हे विसरू नका.

असो. मावशींना काय सांगू ते सांगा. त्यांनी गुरुवारी अर्धा दिवस मागून घेतलाय.

कोर्टनाका_वकील

मुलगी धोक्यात असेल तर आधी ११२. एरवी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि पोलिसांसोबत काम करणारा 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' शोधा, टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला, आता जिल्ह्याजिल्ह्यात आहे. तिथल्या समाजकार्यकर्त्या पोलीस ठाण्यातही सोबत येतात. आयोगाला अर्ज त्यानंतर करा, समांतर.

कोपरीची_काकू

मुलीला स्वतःला यायला सांगा, आईने एकटीने जाऊन भागत नाही. आधार कार्ड, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, आधी एनसी केली असेल तर तिची प्रत, दवाखान्याचा कागद. सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. अर्जात तारखा घाला, 'नेहमी मारतो' लिहू नका, कधी मारलं ते लिहा. आणि अर्ज कुठेही द्या, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. गोल शिक्का, तारीख आणि सही. नुसती सही करून देतात, ती घेऊ नका.

घोडबंदरवाली

तारखा मावशींना आठवतात. एक संक्रांतीची, एक गणपतीतली. लिहून घेतेय.