'पडोसन'मधल्या जुगलबंदीला हशा यावा म्हणून स्पीकर कुठला? (बजेट ३,०००)

जुळे_सोलापूर
कोजागिरीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'पडोसन' (१९६८) लावतोय. माणसं ७० च्या आसपास, निम्मी साठीच्या पुढची. ५५ इंची टीव्ही एक मेंबर देणार आहेत. गणपतीत हाच सिनेमा ब्लूटूथ स्पीकरवर लावला होता, तर 'एक चतुर नार'ला कुणी हसलंच नाही. नायक भोलाचे ओठ मिटायचे आणि मग आवाज यायचा. स्पीकर सुचवा. विकत किंवा भाड्याने, ३,००० च्या आत.

कडक_भाकरी
७० माणसांना टीव्ही पुरत नाही. प्रोजेक्टरच घ्या, ३,००० ल्युमेनच्या (त्याच्या उजेडाचं माप) खाली नको. थोडे पैसे घाला, दहा वर्षांची सोय होते. आमच्या अपार्टमेंटचा आजही ठणठणीत आहे.

शेंगा_चटणी
पौर्णिमेच्या चांदण्यात प्रोजेक्टर फिका दिसतो. नका घेऊ.

कडक_भाकरी
चांदण्याचा काय संबंध? पौर्णिमेचा उजेड पाव लक्सच्या (पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास असतो. ३,००० ल्युमेन १० बाय ६ फुटांच्या पडद्यावर टाकले की ५०० लक्सच्या वर पडतात. चित्र फिकं पडतं ते गेटवरच्या फ्लडलाइटमुळे. तो बंद करा.

तारवाला
त्यांनी स्पीकर विचारलाय. ब्लूटूथवर आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद मागे पडतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे चार ते सहा फ्रेम उशीर. मारामारीत कळत नाही, या प्रसंगात सगळं जातं. विद्यापती (किशोरकुमार) लपून गातोय, भोला (सुनील दत्त) खिडकीत नुसते ओठ हलवतोय. भोला गोंधळतो तिथं हसू येतं. स्पीकरच आधीपासून चुकत असेल तर भोला कुठं चुकला ते प्रेक्षकाला कसं कळणार? ब्लूटूथ नुसता महागाचा आणला म्हणून हा दोष जातोच असं नाही. तार लावा.

हुतात्मा_बाग
टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'लिप सिंक' असतं की. ते वाढवायचं, झालं काम.

तारवाला
बहुतेक टीव्हींत ते आवाजाला आणखी मागे ढकलतं. इथं आवाज आधीच मागे आहे. लॅपटॉपवर व्हीएलसी (सिनेमा लावायचं सॉफ्टवेअर) असेल तर 'जे' दाबा, दर दाबाला आवाज ५० मिलिसेकंद पुढे येतो. उलट करायचं तर 'के'.

शेंगा_चटणी
चार्ज होणारा ट्रॉली स्पीकर घ्या, १५ इंची. दोन माइक येतात, अंताक्षरीलाही होतो. दणदणीत वाजतो.

तारवाला
दणदणाट नकोय, शब्द हवेत. पार्किंगला खाली फरशी, वर स्लॅब, त्यात बास (खालचा जाड आवाज) घुमतो आणि शब्द गिळतो. ट्रॉली स्पीकर आणलाच तर बासचा नॉब निम्म्याच्या खाली ठेवा.

आणखी एक. लॅपटॉपच्या ३.५ मिमी स्टिरिओ पिनला कन्व्हर्टर लावून ती सरळ माइकच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) तोंडात घालू नका. तिथं डाव्या-उजव्या चॅनेलची वजाबाकी होते. जुन्या मोनो सिनेमात दोन्ही बाजूंना एकच आवाज, म्हणजे उरतं जवळपास शून्य. लोक समजतात स्पीकर गेला. एका पिनच्या दोन पिना करणारी वाय केबल आणा आणि दोन वेगळे चॅनेल (आवाज आत घ्यायच्या दोन जागा) वापरा. आणि नुसता घूं आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

चादर_कट्टा
घुमण्यावर उपाय घरोघरी आहे. दोन्ही बाजूंच्या मोकळ्या भिंतींवर आठ-दहा सोलापुरी चादरी टांगा. भिंतीला चिकटवून नको, वीतभर अंतर सोडून. बायका-पोरांच्या टाळ्यांनीच तपासता येतं, टाळीची शेपूट (मागे घुमत राहणारा आवाज) तुटली पाहिजे.

हुतात्मा_बाग
हशा झाला की पुढची ओळ ऐकू येत नाही. पॉज करत जा.

चादर_कट्टा
गाण्यात पॉज? ताल तुटतो. नॉबवर एक माणूस बसवा, हशा उठला की आवाज किंचित चढवायचा, ओसरला की खाली.

पूर्व_भाग
वेगळं बोलतो. आमच्याकडं निम्मी घरं तेलुगू बोलणारी. मेहमूदने केलेल्या मास्टरच्या (भोलाशी गाण्यात सामना करणारा दाक्षिणात्य गानशिक्षक) उच्चारांवर हसणाऱ्यांनी शेजारी कोण बसलंय तेही बघावं.

चादर_कट्टा
बरोबर आहे. गायला मास्टरच पक्का आहे, त्याला आवाज मन्ना डे यांचा. तयारीचा गवई हरतो आणि ज्याला गाता येत नाही तो जिंकतो, हसायचं ते या लबाडीवर. मन्ना डेंच्या ताना स्वच्छ ऐकू आल्या तर हसू आपोआप तिकडं वळतं. म्हणून तर शब्द आणि सूर साफ हवेत.

कडक_भाकरी
प्रोजेक्टरचं काय ठरलं?

तारवाला
रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही. सिनेमा अडीच तासांच्या पुढे जातो. सातला सुरू करा, दूध नंतर आटवा.

हुतात्मा_बाग
ब्लूटूथ नकोच, तार लावा.

जुळे_सोलापूर
सगळ्यांचे आभार. प्रोजेक्टर नाही, ट्रॉली नाही, लॅपटॉपही नाही. देवळातल्या भजनी मंडळाकडे जुना ॲम्प्लिफायर आणि दोन कॉलम स्पीकर (उंच अरुंद खोक्यातले) आहेत, फुकट मिळतायत. पेनड्राइव्ह टीव्हीला, टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वाय केबल ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला (बाहेरचा आवाज घेणारं भोक). चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीतूनच निघणार. चादरी टांगणार. सातला सुरू. पैसे उरले ते दूध, केशर आणि चारोळीला.

शेंगा_चटणी
कॉलमला बास नसतो. पस्तावाल.

तारवाला
बोलण्यासाठी कॉलमच चांगला. फक्त उभा ठेवा, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्याच्या वर येईल असा. आडवा ठेवला तर कडेला बसलेल्यांना शब्द लागत नाहीत. आणि दोन्हींच्या लाल-काळ्या तारा सारख्याच जोडा. एकाची उलटी लागली तर मधल्या रांगेत आवाज पोकळ येतो, आणि तुमची म्हातारी मंडळी तिथंच बसणार.